यासीनचाचांचं पान

यासीनचाचांना विचारल्याशिवाय बिरदेवचं पान हलत नसे. मिरजेत त्यांच्याच हाताखाली तो तंबोऱ्यावरचं पानाफुलांचं कोरीवकाम शिकला होता. आता त्याला घरच्या घरी कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं मशीन बांधायचं होतं. "दारं कोरीन, देव्हारे कोरीन," म्हणाला. मशीन ज्यावर सरकतं त्या जड गाईड रेलची जोडी शोधायला चाचा आपणहून कुपवाडच्या भंगारात हिंडले. रेलवरचा ठोकळा ते डोळे मिटून सरकवायचे. बोटाला जरा खरखर लागली की रेल बाजूला. शेवटी मनासारखी जोडी मिळाली, तेव्हा "मख्खन हाय, घे," म्हणत त्यांनीच ती रिक्षात चढवली.

मशीन सुरू झालं. रेल कुरकुरलीसुद्धा नाही. लाकडावर पान उमटलं, टोक डावीकडं कललेलं. चाचांचं एक बोट वाकडं होतं. सगळ्या मिरजेत त्यांचंच पान तसं कलायचं.

"आणि दारं?" चाचांनी विचारलं.

"दारं कोण घेतंय? दुकानदारांनी तंबोऱ्याचंच काम दिलंय, तुमच्याकडचं समदं." हसत हसत बिरदेवनं ते पान त्यांच्या हातात ठेवलं. "बसा आता निवांत, चाचा. तुमच्याबिगर बी पान हलतंय."