लगामांची दुसरी जोडी

पहिल्या वळणावर वन्संनी सवयीने आपला लगाम जरासा खेचला, आणि तो अलगद हातात आला.

पलीकडून घोडीच्या तोंडाची ओढ जाणवायला हवी होती, ती जाणवलीच नाही. त्यांनी मान उंचावून पाहिलं. त्यांच्या दोन्ही लगामांची बकलं घोडीच्या पाठीवर नुसती लोळत होती. तोंडाशी कडीला अडकवायची राहूनच गेली होती.

चूक सर्वस्वी त्यांचीच. घोडागाडी क्लबाचा नियम असा, की आजारातून उठलेल्या माणसाने गाडी हाकायची तर लगामांच्या दोन जोड्या लावायच्या. एक हाकणाऱ्याच्या हातात, दुसरी शेजारी बसणाऱ्याच्या. प्रसंग आलाच तर शेजारच्याने घोडी आवरायची. वहिनींचा डावा हात अर्धांगाच्या झटक्यानंतर अजून पुरता वळत नव्हता, म्हणून दुसरी जोडी त्यांच्या नणंदेकडे. वहिनी त्यांना वन्सं म्हणत, म्हणून सगळा क्लबच वन्सं म्हणे. आपली जोडी वन्सं स्वतः अडकवायच्या, घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दाराला हात लावू द्यायच्या नाहीत. आज ते काम अर्ध्यावर टाकून त्या क्लबाच्या सेक्रेटरींशी भांडायला गेल्या होत्या. सेक्रेटरी पेशाने दातांचे डॉक्टर. दात उपटण्यापूर्वी बोलतात तशा गोड आवाजात त्यांनी सांगितलं होतं, की आजची फेरी वहिनींना जमली नाही तर यापुढे त्यांनी मागच्या बाकावर बसावं, तेवढीच हौस. हौस या शब्दावर वन्संनी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. भांडण जिंकलं आणि बकलं राहिली.

आता ओरडावं तर घोडी बुजणार. हळूच सांगावं तर वहिनींचा धीर सुटणार. थांबवावं तर मैदानाच्या कडेला सेक्रेटरी उभेच. एरवी वन्संच्या तोंडात तीळ भिजत नसे, पण आज त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि ते निकामी लगाम तसेच धरून ठेवले.

मैदानात रबरी शंकूंच्या जोड्या मांडल्या होत्या, प्रत्येक शंकूवर एक चेंडू. गाडी त्यांच्या मधून काढायची. एखादा चेंडू पडला तर चालतो, पण गाडी शंकूंच्या बाहेरून गेली की फेरी संपली.

शंकूंची दुसरी जोडी उजवीकडे होती, तिथे वहिनींचा चांगला हात कामी आला. तिसरी डावीकडे. वन्संची बोटं आपोआप आवळली, आणि कशालाच लागली नाहीत. मग त्यांनी पाहिलं. वहिनींनी डावा हात ओढलाच नाही. त्यांनी अख्खा खांदा मागे घेतला, सावकाश, भरलेली कळशी उतरवावी तसा. हात त्याच्यामागून आपसूक आला. घोडीचा एक कान मागे वळला आणि ती डावीकडे झाली. मागचं चाक शंकूला घासलं, एक चेंडू पडला, पण गाडी मधूनच गेली.

इतके महिने शेजारी बसून वन्संनी हा खांदा पुरता मागे गेलेला कधी पाहिलाच नव्हता. तो निम्म्यावर येईतो त्यांनी आपला लगाम खेचलेला असायचा. मग घोडी डोकं झाडायची आणि वहिनी वैतागून विचारायच्या, की गाडी मी हाकतेय की तुम्ही. आपण मदतच तर करत होतो, असं वन्संना वाटायचं. आज त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्या पातळ, हट्टी खांद्याबद्दल इतकी माया दाटून आली की समोरचं दिसेना.

शेवटची जोडी डावीकडे होती आणि सगळ्यात अरुंद. खांदा मागे जाऊ लागला. फार हळू.

"ये बाई," वहिनी घोडीला म्हणाल्या. "ये. अशी ये."

घोडी आली. डावीकडचा चेंडू हलला, डुगडुगला आणि तिथेच बसला.

मोतद्दाराने पुढे होऊन घोडी धरली. सेक्रेटरी लांबूनच टाळ्या वाजवत निघाले. वहिनींनी कपाळावरचा घाम पुसला.

"आज हात हलका ठेवलात, वन्सं. मला लागलासुद्धा नाही."

एवढ्यावर गप्प राहणं सोपं होतं. पण वन्संनी पाठीवरचे लगाम ओढून घेतले आणि दोन्ही बकलं वहिनींच्या मांडीवर ठेवली.

वहिनींनी डाव्या हाताच्या बोटांनी ती चाचपली. कोरडी होती. घोडीच्या तोंडाचा फेस कुठेच नव्हता.

"कधीपासून?"

"सुरुवातीपासून. अडकवायचीच राहिली. चुकलं माझं."

वहिनींनी बकलं उलटीपालटी केली. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही गप्प बसलात?"

"बसले."

"एवढा वेळ?"

वन्संनी मान हलवली. वहिनी हसू लागल्या. हसता हसता डोळे भरून आले, ते त्यांनी त्याच डाव्या हाताच्या मनगटाने टिपले. सेक्रेटरी जवळ येऊन म्हणाले, की आता मागच्या बाकाचा विषय संपला, हवी तर आणखी एक फेरी घ्या. वहिनींनी लगामांची दुसरी जोडी मोतद्दाराकडे दिली आणि ती खुंटीला टांगून ठेवायला सांगितली.

वन्संनी ते ऐकलं. पदर सावरला आणि खाली उतरायला पायरीवर पाय टाकला.

"कुठे निघालात?"

"माझं काय काम आता इथे?"

"शेजारी बसायला काम कशाला लागतं?" वहिनी म्हणाल्या आणि थोड्या सरकल्या.

वन्सं परत वर चढून बसल्या. घोडी चालू लागली. हात कुठे ठेवावेत, ते मात्र त्यांना बराच वेळ कळेना.