रोशीनची पिशवी

बरणी पुन्हा गळ्यापर्यंत भरलेली होती.

पेइ-शान झाकण हातात धरून बघतच राहिली. शनिवारी बरणीचा तळ दिसत होता. तो तिनेच दिसेपर्यंत आणला होता, रोज दोन मुठी ओट्स काढून. आणि आज सोमवारी बरणी भरलेली. असं घडायची ही तिसरी वेळ.

बाकीचे टोमॅटोच्या मळ्यावरून येऊन आंघोळीच्या रांगेत उभे होते. तेवढा वेळ हॉस्टेलचं स्वयंपाकघर मोकळं असे. तिने घाईघाईने दोन मुठी पातेल्यात टाकल्या, पाणी ओतलं, वरून सोया सॉस. तैवानमध्ये तिची आई तांदळाची पेज अशीच करायची. ओट्सची होते का पेज? होते. भुकेला कोंडा, निजेला धोंडा.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधलं हे हॉस्टेल म्हणजे काम मिळण्याचं एकमेव दार. पहाटे मळ्यावर नेणारी गाडीसुद्धा हॉस्टेलचीच. अठ्ठ्याऐंशी दिवस शेतात राबलं तर व्हिसा वर्षभर वाढतो, नाहीतर घरी. पेइ-शानचे एकोणऐंशी भरले होते आणि जुना व्हिसा महिनाअखेर संपत होता. दुसरा मळा शोधायला वेळच नव्हता. मजुरी बादलीवर होती, तिचा हात सावकाश चाले, आणि मिळालेलं सगळं खाटेच्या भाड्यात जाई.

तिथे कायदा एकच, पण कडक. प्रत्येकाने आपल्या खाण्याच्या पिशवीवर नाव आणि हॉस्टेल सोडून जायची तारीख लिहायची. तारीख उलटली की पिशवी फुकटच्या फळीवर जाते, मग ती कोणाचीही. त्याआधी दुसऱ्याच्या पिशवीत हात घातला तर खाटही गेली आणि गाडीतली जागाही. पेइ-शान आधी फळीवरच जगली. पण महिनाभर कोणी हॉस्टेल सोडलं नाही आणि फळी रिकामी पडली. तेव्हा तिने रोशीनची पिशवी उघडली; ओट्सची बरणी त्यातलीच. ही रोशीन कधी दिसलीच नव्हती. पिशवीवर तिची जायची तारीख मात्र नेहमी येत्या रविवारची असे. तो रविवार गेला की त्याच्या पुढच्या रविवारची.

"रोशीन?" तिने विचारल्यावर शेजारच्या शेगडीवर पास्ता ढवळायला आलेला जर्मन फोल्कर म्हणाला. "पाच महिने झाले मला इथे. अशी कोणी नाहीये गं. का, स्वप्नात आली होती का?"

पेइ-शानच्या अंगावर काटा आला. तिच्या गावी सातव्या महिन्यात भटक्या मेलेल्यांसाठी दारात ताटं मांडतात. आधी ते जेवतात, मग माणसं. इथे ती आधी जेवत होती. त्या दिवसापासून ती पिशवीपुढे हात जोडू लागली. "बाई, नऊच दिवस," असं पुटपुटायची आणि बरणी उघडायची. पोटातले कावळे भुताला भीत नाहीत.

रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरात शिरली, तर मालकीण ग्लेनिस रोशीनच्या पिशवीवर नवी तारीख लिहीत बसलेली. डोळे सुजलेले, पण चेहरा हसरा.

"ये पोरी, बस. ऐक तरी," ग्लेनिस म्हणाली. "दोन वर्षं झाली. रोशीन मळ्यावरून आली आणि नदीवर पोहायला गेली. टॉवेल सापडला, ती नाही. तिची आई मला म्हणाली, तारीख उलटू देऊ नकोस. पोर परत आली आणि तिचं खाणं फळीवर गेलेलं दिसलं, तर तिला वाटेल आम्ही तिला मेलेलं धरलं. म्हणून दर रविवारी मी शिळं टाकते, ताजं भरते. दोन वर्षांत एक दाणा हलला नव्हता बघ. आणि आता पिशवी रिकामी होतेय! मी आयर्लंडला फोन केला. कसा नाही करणार? मंगळवारी तिची आई, बर्नी, येतेय."

पेइ-शानला बसल्या जागी घाम फुटला.

मंगळवारी ती मळ्यावरून आली तेव्हा दोन दिवस उरले होते. बर्नी विमानातल्याच कपड्यांत स्वयंपाकघरात बसली होती. लहानखुरी बाई, मांडीवर पिशवी.

"कुठल्या वेळेला येते ती?" बर्नीने सगळ्यांना विचारलं. "असू दे. मी इथून हलणार नाही. वर्ष लागो, दहा लागोत."

दोन दिवस गप्प राहायचं, बस्स. मग व्हिसा हातात. पण त्या बाईचे डोळे दाराकडे लागले होते, आणि ते आता जन्मभर तिथेच राहणार हे पेइ-शानला कळलं. तिला स्वतःची किळस आली.

"ओट्स मी खाल्ले," ती म्हणाली. "मला भूक लागायची."

फोल्करच्या हातातला चमचा थांबला. ग्लेनिसचा चेहरा दगड झाला. "सामान आवर. उद्याच्या गाडीत तुला जागा नाही."

 बर्नीने पिशवीत हात घातला आणि चहाच्या पुड्यांचा डबा काढून उघडला. ग्लेनिसने परवाच भरलेला. आत दोनच पुड्या उरल्या होत्या.

"चहासुद्धा तूच प्यायलीस?"

पेइ-शानने डब्यात पाहिलं. मग बर्नीच्या तोंडाकडे.

"हो. तोही मीच."

बर्नीने डबा मिटला. "मग मला घरी जायला हवं," ती म्हणाली आणि हुंदके देऊन रडू लागली. ग्लेनिसने तिला जवळ घेतलं.

पेइ-शान खोलीत येऊन कपडे पिशवीत कोंबू लागली. चहाच्या त्या डब्याला तिने एकदाही हात लावला नव्हता.