आकाराम मामांची शिकवणी

“नंबर कितवा लागलाय?” फोनवर बनुबाईनं विचारलं.

“एकशे अठरावा,” कोंडीबा म्हणाला.

“म्हंजी उद्या दुपार. अन् पूजाचा साखरपुडा उद्या सकाळी. मग पोरीच्या बापाच्या जागी कुणाला बशिवू? तुमच्या ट्रॅक्टरला?”

फोन बंद झाला.

कारखान्याच्या गाडीतळावर उसाचे ट्रॅक्टर रांगेनं उभे होते. भरल्या ट्रॉल्या सोडून कोंडीबाला हलता येत नव्हतं. आजच्या आज रिकामं व्हायचं तर पुढचा नंबर हवा. तो मिळवायची एकच वाट होती. तीन पत्ती.

गाडीतळावरचा नियम साधा होता. चौघांनी आपापल्या नंबराच्या चिठ्ठ्या एका टोपीत टाकायच्या. प्रत्येकानं काडेपेटीतल्या चाळीस काड्या घेऊन खेळायचं. चारच्या भोंग्याला ज्याच्याकडं जास्त काड्या, त्यानं सगळ्यांत पुढची चिठ्ठी उचलायची. शेवट राहील त्यानं बाकीच्यांना मटणाचं जेवण द्यायचं. इंद्रजितचा नंबर नववा होता. तरी त्यानं चिठ्ठी बिनघोर टाकली. दिग्विजय आणि मिलिंदनंही टाकली. कोंडीबा समोर असला की मटण ठरलेलं. त्याच्या जिवावर दिग्विजयचं पोट या हंगामात शर्टाबाहेर आलं होतं.

कोंडीबाला एक गुरू होता. आकाराम मामा. फौजेत बावीस वर्षं काढलेले. स्वतः पत्त्याला शिवत नसत. कोंडीबाच्या पाठीमागं खुर्ची टाकून बसत आणि तो हरला की चुका सांगत.

“पत्तं रद्दी आसलं की उठावं. तू बसून ऱ्हातोस.”

“गेलेलं वसूल करायला दुप्पट लावतोस. घाण सवय.”

“न बघता चाल देतोस. लगीन केलंस का आसं न बघता?”

“व्हय मामा, तसंच केलं,” कोंडीबा म्हणायचा.

चुका खऱ्याच होत्या. फक्त सगळ्यांत मोठी चूक मामांना ठाऊक नव्हती. कोंडीबा आलेले पत्ते आधी खांद्यावरून मामांना दाखवायचा, मग सवडीनं स्वतः बघायचा. गुरूचा मान म्हणून. आणि मामांच्या तोंडावर सगळं उमटायचं. पत्ते चांगले असले की भुवया टोपीखाली जायच्या. वाईट असले की डोळे रडवेले व्हायचे. कोंडीबाची मामांकडं पाठ होती. बाकी तिघांची तोंडं मामांकडं. म्हणून ते तिघं मामांना फार जपायचे. चहा काय, बिडी काय, तोंडावर उजेड येईल अशी खुर्ची काय.

आज मात्र घोळ झाला होता. मामा पंधरा दिवस मिरजेला होते. मोतीबिंदू काढून आले ते थेट गाडीतळावर, डोळ्यांवर हा एवढा काळा गॉगल लावून. मामा नाहीत म्हणून कोंडीबानंही पंधरा दिवस पत्त्याला हात लावला नव्हता.

तिघं चाचपडत खेळू लागले. कोंडीबानं चाल दिली की त्यांना कळेना, भ्यावं की वाढवावं. चाराला दहा मिनिटं कमी असताना इंद्रजितकडं पन्नास काड्या होत्या आणि कोंडीबाकडं पंचेचाळीस. असं कधीच झालं नव्हतं.

“आवं मामा,” इंद्रजित लाडात आला, “गुंडावानी काय बसलाय? काढा की त्यो गॉगल. पंधरा दीस झालं, तुमचं त्वांड दिसलं न्हाई.”

“लय आठवण आली व्हय रं माजी?”

“जेवान ग्वाड लागंना, मामा,” दिग्विजय म्हणाला. ते मात्र खरं होतं.

मामा विरघळले. त्यांनी गॉगल काढून खिशात घातला. शेवटचा डाव वाटला गेला. कोंडीबानं पत्ते न बघताच खांद्यावरून मागं धरले.

तिघांनी मामांकडं पाहिलं. मामांचे डोळे भरून आले. मग धार लागली. मामा टोपी काढून डोळे पुसत होते आणि पाणी खळत नव्हतं. इतके वाईट पत्ते अख्ख्या हंगामात कुणाला आले नव्हते. मिलिंदला कोंडीबाची कीवच आली. तरी त्यानं होत्या तेवढ्या काड्या पुढं ढकलल्या. दिग्विजयनं ढकलल्या. इंद्रजितनं पन्नासच्या पन्नास लावल्या. कोंडीबानं आता कुठं आपले पत्ते बघितले. त्यानंही सगळ्या काड्या मध्ये सरकवल्या.

“दाखवा,” इंद्रजित म्हणाला.

कोंडीबानं तीन गुलाम खाली ठेवले.

चारचा भोंगा झाला. कोंडीबा मामांच्या पाया पडला, नववी चिठ्ठी घेतली आणि ट्रॅक्टरकडं पळत सुटला.

इंद्रजितनं तिन्ही गुलाम उचलून उलटसुलट करून बघितले.

“मामा,” तो म्हणाला, “एवढं भारी पत्तं आसताना तुमी रडत कशाला व्हता?”

“रडतोय कोण?” मामा डोळे मिटून खिशात गॉगल चाचपत होते. “आरं, उजेड सोसंना. म्हैनाभर गॉगल काढू नका म्हणून डॉक्टरनं बजावलं व्हतं. पर तुमी एवढ्या मायेनं म्हणालासा.”