कमी रेसवर

मोटारसायकल कमी रेसवर अडखळायची. रेस वाढवली की शहाण्या बाळासारखी चालायची.

"दोन मेकॅनिकांनी हात टेकले," मालकीणबाई म्हणाल्या.

"त्यांनी इंजिन बघितलं असेल. मी ऐकतो," गॅरेजवाला म्हणाला.

गल्लीत सगळे त्याला कानसेन म्हणत, ते उगाच नाही. वीस वर्षांत त्याच्या हातची एकही गाडी त्याच तक्रारीसाठी परत आली नव्हती.

प्लग स्वच्छ होता, कार्बोरेटरही. मग त्याने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक चालू इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

सात ठोके नीट पडत होते, आठवा गळत होता. त्या रिकाम्या जागेत बारीक टकटक ऐकू येत होती.

"सापडलं, बाई. व्हॉल्व्ह सैल झालाय. पाच मिनिटांत काढतो."

खात्रीसाठी त्याने सवयीप्रमाणे पान्याने इंजिनावर तीनदा टकटक केली.

आतून तीनदा टकटक झाली.

त्याने दोनदा केली. आतूनही दोनदा.

"बंद करा," तो म्हणाला. बाईंनी चावी फिरवली. इंजिन थांबलं. गॅरेजमधल्या पंख्याची घरघर तेवढी उरली. त्याने स्क्रूड्रायव्हरची मूठ कानावरून हलवली नाही.

टकटक चालूच होती. मग तीही थांबली, जसा तो स्वतः दोष सापडल्यावर थांबायचा.

आणि आतून त्याचाच आवाज आला, गिऱ्हाइकाला धीर देणारा, खात्रीचा.

"सापडलं, बाई. बाहेर कोणीतरी कान लावून बसलाय. पाच मिनिटांत काढतो."