काचेला कुंकू

"आजी, हे काय केलंस!"

नातीचा आवाज ऐकून सावळाराम देवघरात आले. शेफालीच्या बॅगेतली काच काळ्या कागदातून निघून देवापुढं सकाळच्या उन्हात पडली होती, आणि तिच्या मधोमध ओल्या कुंकवाचं बोट. नवी वस्तू घरात आली की तिला कुंकू लावायचं, हा कमळाबाईंचा नेम. कॅमेऱ्यापासून मिक्सरपर्यंत कुणाची सुटका झाली नव्हती.

"आगं, सारा जलम फोटोवाल्याचा संसार केलास," सावळाराम म्हणाले, "काळा कागूद सोडू न्हाई, एवढं कळंना?"

"फोटूचं असतं तर हात तरी लावला असता का? पोरगी म्हनली, चिपचं हाय. चिपला काय ऊन लागतंय?"

शेफालीला हसावं की रडावं कळेना. पुण्याच्या प्रयोगशाळेत ती काचेवरचा हा लेपच बनवत होती. चिपवरची नक्षी एरवी छापा धरून उजेडानं उमटवतात. शेफालीच्या प्रयोगशाळेला छापाच नको होता. लेझरचे किरण एकमेकांवर पाडून उजेडानंच नक्षी काढायची होती. पण त्यासाठी उजेडाची बारीकातली बारीक रेघ टिपणारा लेप हवा, आणि आधीच्या सगळ्या काचा कोऱ्या निघालेल्या. उद्या बंगळूरच्या चाचणीत हीही कोरी निघाली असती, तर काम बंद.

"वाया गेलीच आहे, तर इथंच धुऊन बघते," ती म्हणाली. "कुंकवाखाली अजून अंधार आहे. टिपते का नाही, तेवढं तरी कळेल. रसायन आहे माझ्याजवळ. आबा, डार्करूम उघडता?"

"तितं तांदळाची पोती हायेत," सावळाराम पुटपुटले. पण किल्ली त्यांच्या खिशातच निघाली. स्टुडिओ बंद झाल्यापासून डार्करूमला कोठी म्हणायचं असं घरात सगळ्यांनी ठरवलं होतं. मानलं नव्हतं एकट्यानं. लाल दिवा पहिल्याच खटक्याला लागला. त्यावर धूळही नव्हती.

तिनं कुंकू पुसून काच ट्रेमध्ये सोडली. सावळारामांचे हात न सांगता ट्रे झुलवू लागले. उत्रोली-किकवीच्या नवऱ्यामुली, मार्गासनीचे पैलवान, सगळे याच ट्रेमधून वर आले होते. कमळाबाई मात्र एकदाही नाही. फोटोनं आयुष्य घटतं, हे त्यांचं मत. दुसऱ्यांच्या घटलेल्या आयुष्यावर त्यांचा संसार खुशाल चालला, पण स्वतः त्या कॅमेऱ्यापुढं बसल्या नाहीत.

ऊन लागलेला सगळा लेप विरघळत गेला. मधे कुंकवाखालचा एक ठिपका तेवढा राहिला. शेफालीनं त्यावर भिंग धरलं.

"टिपलंय! आबा, रेघ न् रेघ टिपलीय!"

सावळारामांनी भिंग घेतलं. बोटाच्या रेघा, भोवऱ्यासारख्या फिरत गेलेल्या. त्यांना आडवी एक बारीक खूण. लग्नाच्या पहिल्या वर्षी विळीवर फणस चिरताना कापलेलं ते बोट; चिंधी त्यांनीच बांधली होती.

दारावर थाप पडली. ढकललं मात्र नाही. ती शिस्त कमळाबाईंच्या हाताला अजून होती.

"काय निघालं वं त्यात? माझा फोटू तर न्हाई ना काढला?"

"न्हाई, न्हाई," सावळाराम म्हणाले.

शेफालीचा हात कडीकडे गेला. आता उजेडाला भ्यायचं काही कारण उरलं नव्हतं. सावळारामांनी तिला नजरेनंच थांबवलं आणि भिंग पुन्हा काचेवर नेलं.

"दार उघडू नगंस," ते बाहेर ओरडले. "थोडा येळ लागंल."