पात्याखाली

डोझरचं पातं नर्मदाबाईच्या पायावर पडलं तेव्हा गोठ्यात म्हशीशिवाय कोणी नव्हतं. म्हशीनंच मान घासता घासता ते लोटलं होतं. आता ती बाजूला उभी राहून रवंथ करत होती, जणू तिचा काही संबंधच नाही.

असं पातं आडवं ठेवायचं असतं, खाली लाकडाचे ठोकळे देऊन. तिच्या धाकट्या लेकाला, सोपानला, हे चांगलं माहीत होतं. पण वाटणीत गोठ्याच्या मधोमध चुन्याची रेघ पडली होती आणि आडवं ठेवलं की पातं वीतभर थोरल्या भावाच्या हिश्श्यात जायचं. तेवढी वीत कोण सोडणार? म्हणून त्यानं ते खांबाला टेकवून उभं केलं, धारेला ग्रीस फासलं, वरून गोणपाट टाकलं. पंचांनी छोटा ट्रॅक्टर थोरल्या विश्वंभरला दिला होता आणि त्या ट्रॅक्टरच्या पुढं बसवायचं हे पातं धाकट्या सोपानला. तेव्हापासून ट्रॅक्टरनं ढेकूळभर माती लोटली नव्हती आणि पातं गोठ्याबाहेर निघालं नव्हतं. दोघांत विस्तव जात नव्हता, तिथं पातं कुठून जाणार!

आईची हाक ऐकून विश्वंभर आला आणि दारातच थबकला.

"उचल रे, लवकर उचल. हाड मोडलं वाटतं."

कोपऱ्यात पहार उभी होती. त्यानं पहारीकडं पाहिलं, मग पात्याकडं.

"पातं त्याचं हाय, माय. मी पहार घातली अन् ते वाकलं, तं उद्या गावभर सांगंल, थोरल्यानं मुद्दाम मोडलं म्हणून. त्याला येऊ दे."

"मंग बोलाव की त्याला."

"आमी बोलत न्हाई." त्यानं खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला आणि तिच्या कानाला धरला. "तूच सांग."

नर्मदाबाईच्या पायाची कळ मस्तकात जात होती. "सोपाना, तुहं पातं पडलं रे माह्या पायावर. ये लवकर."

पलीकडून सोपाननं विचारलं, "धारंला काही झालं न्हाई ना?"

तिला वाटलं, बोलूच नये आता. डोळे मिटून तसंच पडून राहावं. तरीही "न्हाई" म्हणाली. आईच ती.

सोपान शेतातून पळत आला. तोवर विश्वंभरनं ट्रॅक्टर गोठ्याच्या तोंडाशी आणून साखळी सोडली होती.

"माय, त्याला सांग, साखळी लावून एका झटक्यात उचलतो. तो समोर हाय तवरच लावतो, मंग मला बोल नको."

"माय, त्याला सांग, जमणार न्हाई. एकदा का पातं त्याच्या ट्रॅक्टरला लागलं, की उद्या म्हणंल, माह्याच ट्रॅक्टरचं हाय."

"असं असंल तं पडू दे म्हणावं."

"पडू दे म्हण की. माहं काय जातं?"

दोघं एकमेकांकडं न बघता तिच्याशीच बोलत राहिले. इकडचा निरोप ती तिकडं देत राहिली. चपलेत रक्त साचलं होतं.

मग ती ओरडली. त्यात शब्द नव्हता, नुसता आवाज होता. म्हैस दाव्याला हिसका देऊन मागं सरली. दोघं भाऊही दचकले आणि पात्याच्या दोन टोकांना वाकले.

पातं उठलं. दोघांचेही हात अडकलेले, म्हणून नर्मदाबाईनंच दोन्ही हातांनी आपला पाय धरला आणि परक्याची वस्तू ओढावी तसा बाहेर ओढला. पंजाचा चेंदा झाला होता. सरपटत ती गव्हाणीला टेकून बसली.

सोपाननं पायानंच गोणपाट पात्याखाली सारलं.

"हळू," तो म्हणाला. वाटणीनंतर भावाशी बोललेला त्याचा हा पहिला शब्द.

विश्वंभरनं हळू ठेवलं. मग दोघं वाकून धारेवरून हात फिरवून पाहू लागले, एक धार वाकली का ते बघायला, दुसरा ती आपल्यामुळं वाकली नाही याची खात्री करायला.

शेजारची मिराबाई जवळा गावच्या बाजारातून येत होती. पिशवी काखेत मारून ती कुडावरून डोकावली. गव्हाणीआडचा पाय तिला दिसला नाही. दिसले ते एका पात्यावर डोक्याला डोकं लावून वाकलेले दोन भाऊ. तिला भरूनच आलं.

"अगं माय! दोघं एका जागी? नर्मदाकाकू, कोण्या देवाला नवस केला व्हता वं?"

नर्मदाबाई पायाला पदर गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही.

"एका पायात भागलं, बाई," ती म्हणाली. "दुसरा हाय अजून. पुढं लागंल तं."