उरलेलं ‘जा’

आईच्या शिवणकामाच्या दुकानाच्या शटरवर ‘परत जा’ कुणी रंगवलं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं: समोरच्या बेकरीवाल्यानं. तरी परदेशातून आलेल्या त्या घरातला धाकटा इथल्याच फौजेत भरती झाला. “ह्यांच्यासाठी मरायला निघालास, येड्या?” ताई कडाडली. “मग तरी हे ‘आपला’ म्हणतील,” तो हसला. निघायच्या सकाळी त्यानं तारेच्या ब्रशनं ‘परत’ घासून काढलं, तेवढ्यात गाडी आली. “‘जा’ राहू दे, तायडे. आल्यावर घासतो.” आली ती त्याच्या मरणाची बातमी. दुसऱ्या दिवशी बेकरीवाला पुष्पचक्र घेऊन पायरीवर हजर. “आपला पोरगा गेला हो, वहिनी!” आईच्या मशीनचं चाक थांबलं. “आपला?” ताई उठली. “जिवंत होता तेव्हा जीभ झडली होती का?” तिनं आतून खाडकन शटर खाली ओढलं. बाहेर बेकरीवाल्याच्या नाकासमोर त्याच्याच अक्षरातलं ‘जा’ येऊन थांबलं.